एक नाव, अनेक कर्तृत्वे : मराठी मुलखातील ‘वसंत’

‘आज वसंतरावांची पुण्यतिथी’ असे वाक्य कानावर आले, तर ऐकणाऱ्याने प्रथम तारीख विचारून घ्यावी. ३० जुलै असेल तर गायक वसंतराव देशपांडे, १८ ऑगस्ट असेल तर माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक. २२ डिसेंबर असेल तर मात्र पुन्हा खोळंबा होतो. त्याच तारखेला १९७५ साली संगीतकार वसंत देसाई गेले आणि २०११ साली कसोटी क्रिकेटपटू वसंत रांजणे. विसाव्या शतकातील महाराष्ट्रात संगीत, नाटक, कविता, राजकारण, विज्ञान, क्रिकेट, व्यंगचित्रकला अशा बहुतेक प्रत्येक क्षेत्रात एखादा तरी नामवंत ‘वसंत’ होऊन गेला. काही क्षेत्रांत तर एकाच वेळी दोन-तीन होते.

नामसाम्य ही तशी गमतीची बाब. पण चरित्रकोश चाळणाऱ्यास, जुन्या गाण्यांची सूची करणाऱ्यास किंवा ग्रंथालयात नोंदी ठेवणाऱ्यास ती गमतीची राहत नाही. एकाची रचना दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते, एकाचे छायाचित्र दुसऱ्याच्या मजकुरासोबत छापले जाते, आणि ज्याचे नाव कमी गाजलेले असते त्याचे श्रेय अधिक गाजलेल्याकडे हळूहळू सरकत जाते. यात हानी नेहमी एकाच बाजूची होते. म्हणून या समान नावाच्या मंडळींची ओळख एकत्र करून देण्याचा हा प्रयत्न.

आरंभी नावाविषयी थोडेसे. एकोणिसाव्या शतकातील कर्त्या पुरुषांची नावे आठवली तर विष्णुशास्त्री, महादेव गोविंद, गोपाळ गणेश, हरी नारायण अशी देवदेवतांची मालिका डोळ्यांपुढे येते. ‘वसंत’ त्यांत सहसा दिसत नाही. १९१० ते १९४० या काळात जन्मलेल्या पिढीत मात्र ते विलक्षण संख्येने आढळते. देवाचे नाव सोडून ऋतूचे नाव मुलाला ठेवावे असे त्या काळच्या सुशिक्षित घरांना वाटू लागले असावे. सहा ऋतूंपैकी वसंत, शरद, हेमंत आणि शिशिर हे मुलांच्या वाट्याला आले, वर्षा मुलींना मिळाली. ग्रीष्माच्या वाटेला मात्र त्या पिढीत कोणी गेल्याचे दिसत नाही, आणि विदर्भातला उन्हाळा अनुभवलेल्यास त्याचे कारण सांगायला नको! वासंती हे मुलींचे नावही याच काळातले. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचा या यादीशी संबंध नाही, हेही येथेच नोंदवलेले बरे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केलेल्या त्या उपक्रमाच्या नावातील वसंत हा खराखुरा ऋतू आहे, कोणी व्यक्ती नव्हे.

तीन संगीतकार

सर्वाधिक घोटाळा होतो तो वसंत देसाई, वसंत पवार आणि वसंत प्रभू या तीन संगीतकारांच्या बाबतीत. तिघेही १९५० ते १९६५ या काळात एकाच वेळी मराठीत काम करीत होते. तिघांच्याही चाली आशा भोसले किंवा लता मंगेशकर यांच्या आवाजात घरोघरी पोहोचल्या. नभोवाणीवर नाव भरभर उच्चारले गेले की ‘वसंत’ तेवढे ऐकू येई आणि आडनाव खरखरीत हरवे. परिणामी ‘बुगडी’ची लावणी देसाईंच्या नावावर सांगणारे आणि ‘अमर भूपाळी’ प्रभूंची मानणारे रसिक आजही भेटतात. वास्तविक या तिघांच्या प्रकृती इतक्या भिन्न होत्या की, कान थोडा सजग ठेवला तर नाव न ऐकताही ओळख पटावी.

वसंत देसाई (१९१२-१९७५) हे तिघांत वयाने व कारकिर्दीने ज्येष्ठ. सध्याच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सोनवडे हे त्यांचे जन्मगाव. कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीत ते अगदी तरुण वयात दाखल झाले. तेथे मिळेल ते काम करीत त्यांनी चित्रपटाचे तंत्र आणि संगीत दोन्ही आत्मसात केले. व्ही. शांताराम यांनी प्रभात सोडून मुंबईत राजकमल उभारले, तेव्हा देसाई त्यांच्याबरोबर गेले. ‘शकुंतला’ (१९४३), ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६), ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५), ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) ही त्यांच्या हिंदी कारकिर्दीतील ठळक नावे. ‘गूंज उठी शहनाई’ (१९५९) मध्ये त्यांनी उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई चित्रपटसंगीतात आणली. मराठीत ‘अमर भूपाळी’ (१९५१) आणि आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ (१९५३) हे दोन चित्रपट त्यांच्या नावावर आहेत, आणि रंगभूमीवर विद्याधर गोखले यांच्या ‘पंडितराज जगन्नाथ’चे संगीतही त्यांचेच. रागदारीचा भक्कम आधार, स्पष्ट शब्दोच्चार आणि समूहस्वरांची ओढ ही देसाईंची खूण. ‘दो आँखें बारह हाथ’मधील आणि पुढे ‘गुड्डी’मधील (१९७१) त्यांच्या प्रार्थना देशभरातील शाळांच्या परिपाठात जाऊन बसल्या. त्या म्हणणाऱ्या मुलांना संगीतकाराचे नाव ठाऊक नसते, आणि प्रार्थनेच्या बाबतीत ते क्षम्य मानायला हरकत नाही. मुंबईत राहत्या इमारतीतील उद्वाहकाच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

वसंत पवार यांचे जग वेगळे. ढोलकी, तुणतुणे, फडाची लय आणि त्यातून एकाएकी उमटणारा करुण स्वर, हा त्यांचा प्रांत. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. त्या यशात जयश्री गडकर यांच्या नृत्याइतकाच पवारांच्या संगीताचाही वाटा होता. त्यांचे सहायक म्हणून काम केलेले राम कदम यांनी हीच वाट पुढे रुंद केली. पण पवार केवळ तमाशापटांचे संगीतकार, असा जो समज रूढ आहे तो अपुरा आहे. ‘मानिनी’ (१९६१) या चित्रपटात त्यांनी बहिणाबाई चौधरी यांच्या संसारावरील कवितेला दिलेली चाल ऐकावी. तीत ढोलकी नाही, ठसका नाही, जात्यावर बसलेल्या बाईचा संथ सूर आहे. ‘मल्हारी मार्तंड’ (१९६५) मध्ये ते पुन्हा आपल्या फडावर परतले. पवारांना आयुष्य अल्प लाभले. तिघांत सर्वांत अधिक विस्मरण त्यांच्याच वाट्याला आले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. नावाच्या गोंधळात त्यांच्या चाली इतरांच्या नावावर सहज खपून गेल्या, हे त्याचे एक कारण.

विस्मरणात भर घालणारा आणखी एक योगायोग असा की, आज ‘वसंत पवार’ हे नाव शोधू गेल्यास नाशिकचे डॉ. वसंतराव पवार प्रथम सामोरे येतात. नाशिकच्या राजकीय व शैक्षणिक जीवनातील हे नेते. मराठा विद्या प्रसारक समाजाचे वैद्यकीय महाविद्यालय त्यांच्या नावाने चालते. संगीतकार पवारांच्या नावे एवढी मोठी वास्तू नाही. त्यांचा पत्ता विचारायचा तर गाण्यालाच विचारावा लागतो.

वसंत प्रभू हे भावगीतांचे. कवी पी. सावळाराम, संगीतकार प्रभू आणि गायिका लता मंगेशकर हे त्रिकूट १९५० नंतरच्या दशकात मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत पोहोचले. सासरी निघालेली मुलगी, तिला निरोप देणारी आई, संसारातले लहानसे रुसवे-फुगवे हे त्यांचे विषय. या गीतांच्या चाली वरकरणी इतक्या सोप्या की, कोणासही गुणगुणता याव्यात. गायला बसल्यावर मात्र त्यांतल्या नाजूक जागा हाती लागत नाहीत. भा. रा. तांबे आणि कवी ‘बी’ यांच्या कवितांनाही त्यांनी चाली दिल्या. कवी ‘बी’ यांची ‘चाफा’ ही कविता अर्थाच्या दृष्टीने अवघड मानली जाते. ती सर्वसामान्य श्रोत्यांच्या ओठी रुळली ती प्रभूंच्या चालीमुळे. ‘शिकलेली बायको’ (१९५९) आणि ‘कन्यादान’ (१९६०) हे त्यांचे गाजलेले चित्रपट.

थोडक्यात सांगायचे तर प्रार्थना ऐकू आली की देसाई, ढोलकी ऐकू आली की पवार आणि माजघरातला हुंदका ऐकू आला की प्रभू, असा ढोबळ नियम ध्यानात ठेवावा. ‘मानिनी’सारखे अपवाद निघतीलच.

दोन देसाई, एक शांताराम

वसंत देसाई यांच्या बाबतीत गुंता एवढ्यावरच संपत नाही. त्याच नावाचे आणखी एक गृहस्थ मराठी रंगभूमीच्या इतिहासात ठामपणे उभे आहेत. हे नाटककार आणि रंगभूमीचे चिकित्सक अभ्यासक वसंत शांताराम देसाई होत. गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेले ‘अमृतसिद्धी’ हे मीराबाईच्या जीवनावरील नाटक त्यांचे. ‘मखमलीचा पडदा’ हे त्यांचे पुस्तक तर जुन्या संगीत रंगभूमीच्या अभ्यासकास टाळताच येत नाही. बालगंधर्वांचा काळ जवळून पाहिलेल्या माणसाने लिहिलेले असल्याने त्यात आठवणींचा जिव्हाळा आहे आणि दोष दाखविताना हात आखडताही घेतलेला नाही.

आता गंमत पाहावी. संगीतकार देसाई यांची कारकीर्द व्ही. शांताराम यांच्या सोबतीने घडली. त्यामुळे ‘वसंत शांताराम देसाई’ हे नाव प्रथमच वाचणाऱ्याला ते संगीतकाराचेच वाटते. त्यातच दोघांचाही संबंध संगीत नाटकांशी. एखाद्या नाटकाच्या संदर्भात नुसते ‘वसंत देसाई’ असे नाव आढळले, तर ते लेखक किंवा गीतकार म्हणून आले आहे की संगीतकार म्हणून, एवढे पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नये. मधले नाव सामान्यतः औपचारिकता म्हणून लिहिले जाते. येथे मात्र सगळा भेद त्या मधल्या नावातच आहे.

गायक वसंतराव

मूर्तिजापूर येथे २ मे १९२० रोजी जन्मलेले वसंतराव देशपांडे यांना नामसाम्याचा उपद्रव फारसा झाला नाही. संगीताच्या क्षेत्रात ‘वसंतराव’ एवढे म्हटले की तेच, असे स्थान त्यांनी मिळविले. बालपणी भालजी पेंढारकरांच्या ‘कालिया मर्दन’ (१९३५) या चित्रपटात त्यांनी कृष्णाची भूमिका केली. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांनी संगीताचे आरंभीचे शिक्षण घेतले. पुढे आयुष्याची अनेक वर्षे त्यांनी लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली. गाणे पणाला लावून पोट भरण्याचे धाडस त्यांनी उशिरा केले. पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकातील खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेने त्यांना जी कीर्ती दिली, ती त्यांच्या मैफलींना तोवर लाभली नव्हती. कोणत्याही एका घराण्याच्या चौकटीत न बसणारी त्यांची आक्रमक गायकी काही जाणकारांना खटकत असे. तीच नाटकात व्यक्तिरेखेचा प्राण ठरली.

त्यांच्या नावामागे ‘डॉ.’ लावण्याचा प्रघात आहे. नागपुरातील सभागृहही डॉ. वसंतराव देशपांडे यांच्या नावाने ओळखले जाते आणि परगावच्या पाहुण्यास ते एखाद्या वैद्याचे किंवा प्राध्यापकाचे स्मारक वाटण्याचा संभव असतो. २०२२ साली प्रदर्शित झालेल्या त्यांच्यावरील चित्रपटाचे नाव ‘मी वसंतराव’ एवढेच ठेवण्यात आले. त्यात त्यांची भूमिका नातू राहुल देशपांडे यांनी केली. आडनाव न घालता चित्रपट प्रदर्शित करता येतो, याहून नाव स्वतःचे केल्याचा दुसरा पुरावा कोणता?

मंत्रालयातील वसंत आणि १ जुलै

महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदावर दोन वसंत बसले. पहिले वसंतराव नाईक (१९१३-१९७९). यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातील गहुली या तांड्यावर बंजारा समाजात त्यांचा जन्म झाला. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक सलग कारकीर्द त्यांना लाभली. संकरित बियाणे, कृषी विद्यापीठे आणि १९७२च्या दुष्काळातील रोजगार हमीची कामे ही त्या कारकिर्दीची ओळख. परभणीच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

दुसरे वसंत बंडूजी पाटील, म्हणजेच सर्वांचे वसंतदादा (१९१७-१९८९). सांगलीजवळील पद्माळे हे त्यांचे गाव. जुलै १९४३ मध्ये सांगलीच्या तुरुंगातून सहकाऱ्यांसह उडी घेऊन ते निसटले. त्या झटापटीत अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव यांना हौतात्म्य आले आणि दादांना गोळी लागली. पुढे सहकारी साखर कारखानदारीत त्यांनी जे काम केले, त्याची खूण म्हणून पुण्याजवळ मांजरी येथील साखर संशोधन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. १९७७-७८ आणि १९८३-८५ या काळात ते मुख्यमंत्री होते. विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्याचा १९८३चा निर्णय त्यांचाच. त्या निर्णयाचे बरेवाईट परिणाम महाराष्ट्राने दीर्घकाळ अनुभवले. या दोघांत गल्लत होत नाही ती ‘राव’ आणि ‘दादा’ या दोन शब्दांमुळे. दादा १९७२ साली नाईकांच्याच मंत्रिमंडळात पाटबंधारे मंत्री झाले, तेव्हा एकाच बैठकीत दोन वसंत असत. पण एक राव आणि एक दादा असल्यावर कोणाला कोड्यात पडण्याचे कारण नव्हते. मराठीत असे प्रत्यय केवळ आदरार्थी नसतात. माणसाचे लोकांशी नाते कोणते, तेही ते सांगून जातात.

दिल्लीच्या राजकारणात वसंत साठे (१९२५-२०११) होते. वर्ध्याचे खासदार म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि १९८० ते १९८२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्रिपद सांभाळले. गरीब देशाला रंगीत दूरचित्रवाणीची चैन कशाला, अशी टीका होत असताना त्यांनी तिचा पाठपुरावा सोडला नाही. १९८२ साली एशियाडच्या निमित्ताने भारतीय पडद्यावर रंग उमटले. विधान परिषदेचे उपसभापती राहिलेले ठाण्याचे वसंत डावखरे (१९४९-२०१८) हे या नामावळीत वयाने बरेच धाकटे.

वसंतराव नाईक यांचा जन्म १ जुलैचा आणि तो दिवस महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून पाळला जातो. हीच तारीख अहमदाबादमध्ये दुसऱ्या एका वसंतरावांची आहे. ते वसंतराव हेगिष्टे होत. १९०६ साली अहमदाबादेत एका मराठी कुटुंबात जन्मलेले हे काँग्रेस सेवादलाचे कार्यकर्ते. १ जुलै १९४६ रोजी रथयात्रेच्या वेळी शहरात हिंदू-मुस्लिम दंगल उसळली. हेगिष्टे आणि त्यांचे तरुण सहकारी रजब अली लाखाणी हे दोघे जमालपूर भागात जमावाला आवरण्यासाठी धावले आणि दोघेही मारले गेले. गुजरातमध्ये ही जोडी ‘वसंत-रजब’ अशी पहिल्याच नावांनी ओळखली जाते. तेथे आडनावे गळून पडली आहेत आणि गळून पडण्यातच त्या जोडनावाचा अर्थ आहे. अहमदाबादच्या गायकवाड हवेली परिसरात त्यांचे स्मारक आहे. महाराष्ट्रातील चरित्रलेखनाने मात्र या मराठी माणसाकडे फारसे लक्ष पुरविलेले नाही.

प्रयोगशाळा, मैदान आणि कुंचला

डॉ. वसंत गोवारीकर (१९३३-२०१५) यांचे नाव पावसाशी जोडले गेले. मूळचे ते रॉकेटच्या घन इंधनाचे तज्ज्ञ. १९७९ ते १९८५ या काळात थिरुवनंतपुरम येथील विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. त्यांच्याच संचालकपदाच्या काळात, १९८० साली, एसएलव्ही-३ यानाचे उड्डाण यशस्वी झाले. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान खात्याचे सचिव असताना सोळा घटकांवर आधारलेली मान्सूनच्या अंदाजाची पद्धत त्यांच्या नेतृत्वाखाली १९८८ पासून वापरात आली. तापमान, वायुदाब, हिमाच्छादन अशा सोळा निदर्शकांचा कौल घेऊन देशभरातील एकूण पावसाचा अंदाज बांधायचा, अशी ती रीत. अनेक वर्षे तिने साथ दिली. २००२च्या दुष्काळाची चाहूल मात्र तिला लागली नाही आणि हवामान खात्याने पुढील वर्षी पद्धत बदलली. तरीही मान्सूनचा अंदाज हा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाचा आणि सामान्य शेतकऱ्याच्या चर्चेचा विषय झाला, तो गोवारीकरांमुळे. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले.

क्रिकेटमध्ये वसंत रांजणे (१९३७-२०११) हे पुण्याचे मध्यमगती गोलंदाज. रणजी पदार्पणातच महाराष्ट्राकडून सौराष्ट्राविरुद्ध एका डावात ३५ धावांत ९ बळी त्यांनी घेतले. १९५८ ते १९६४ या काळात ते सात कसोटी सामने खेळले. दुसरे वसंत रायजी (१९२०-२०२०) हे मुंबईचे गुजराती गृहस्थ. मुंबई व बडोदा यांच्याकडून प्रथम श्रेणीचे मोजके सामने खेळलेले हे सनदी लेखापाल खरे ओळखले जातात ते क्रिकेटचे इतिहासकार म्हणून. वयाची शंभरी पूर्ण करून १३ जून २०२० रोजी ते गेले. रांजणे यांनी विक्रम केला आणि रायजी यांनी असे विक्रम लिहून ठेवले.

व्यंगचित्रकार वसंत सरवटे (१९२७-२०१६) कोल्हापूरचे. पेशाने अभियंता, सिमेंट कंपनीत नोकरी. ‘ललित’ मासिकात जयवंत दळवी यांनी ठणठणपाळ या नावाने जे सदर चालविले, त्याचा चेहरा सरवटे यांनी रेखाटला. त्या चित्रावाचून ठणठणपाळाची कल्पनाही करवत नाही. चित्रपटांकडे वळल्यास दिग्दर्शक वसंत जोगळेकर आढळतात. त्यांचा ‘आज और कल’ (१९६३) हा पु. ल. देशपांडे यांच्या ‘सुंदर मी होणार’ या नाटकावर आधारलेला होता. विनोदी नट वसंत शिंदे यांची कारकीर्द तर दादासाहेब फाळके यांच्या काळापासूनची.

वडिलांचे नाव आणि नुसते ‘व.’

साहित्यात वसंतांची दाटी इतकी की, लेखकांनी स्वतःच उपाय शोधला. कवी वसंत आबाजी डहाके, कादंबरीकार वसंत नरहर फेणे, कवी वसंत दत्तात्रेय गुर्जर यांनी वडिलांचे नाव कधी गाळले नाही. डहाके यांना ‘चित्रलिपी’साठी २००९चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०१२ साली चंद्रपूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पण व्यासपीठावरही कोणी त्यांना नुसते ‘वसंत डहाके’ म्हटले तर कानाला चुकल्यासारखे वाटते. ‘आबाजी’ हा आता त्या नावाचा अविभाज्य भाग झाला आहे.

दुसरा उपाय आद्याक्षरांचा. व. पु. काळे (१९३२-२००१) यांच्या नावातील ‘व’ हा वसंतच. वाचकांनी त्यांचे ‘वपु’ केले आणि मूळ नाव मागे पडले. मुंबई महापालिकेत वास्तुविशारद असलेल्या या कथाकाराचा जन्म २५ मार्चचा. वसंत गोवारीकर यांचाही जन्म बरोबर एक वर्षानंतरच्या २५ मार्चचा. ऐन वसंतात जन्म म्हणून वसंत, असा सरळ हिशेब या दोन घरांनी केला असेल तर नवल नाही. उलट प्रत्येक ‘व’ किंवा ‘व्ही’ म्हणजे वसंत, असे मानणेही धोक्याचे. व्ही. शांताराम यांचा ‘व्ही’ वणकुद्रे या आडनावाचा आणि चित्रकार व्ही. एस. गायतोंडे यांचा वासुदेव या नावाचा.

नाटककार वसंत कानेटकर यांना असा कोणताच आधार घ्यावा लागला नाही. रविकिरण मंडळातील कवी गिरीश यांचे हे चिरंजीव. नाशिकच्या महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक. ‘वेड्याचे घर उन्हात’ (१९५७), ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२), ‘मत्स्यगंधा’ (१९६४), ‘अश्रूंची झाली फुले’ (१९६६), ‘हिमालयाची सावली’ (१९७२) अशी भिन्न प्रकृतीची नाटके एकाच माणसाने लिहिली, हे कोणास ठाऊक नसेल तर त्याला कानेटकरही दोन असावेत असे वाटेल! हिंदीत वसंत देव होते. मराठी नाटके हिंदीत नेणारे हे अनुवादक, आणि ‘उत्सव’ (१९८४) या चित्रपटाचे गीतकार.

निवडलेले नाव

येथवर आलेले वसंत हे बहुतांशी बारशाचे वसंत. पण काहींनी हे नाव जाणून-बुजून घेतले. कवी वसंत बापट (१९२२-२००२) यांचे मूळ नाव विश्वनाथ वामन बापट. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाचे हे गीतकार-शाहीर. पुढे मंगेश पाडगावकर व विंदा करंदीकर यांच्यासह त्यांनी गावोगावी काव्यवाचन केले. ‘बिजली’, ‘सेतू’, ‘सकीना’ हे त्यांचे संग्रह, आणि १९९९ साली मुंबईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. वसंत सबनीस (१९२३-२००२) यांचे मूळ नाव रघुनाथ दामोदर सबनीस. ‘छपरी पलंगाचा वग’ त्यांनी लिहिला आणि तोच ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) या नावाने दादा कोंडके यांच्या मुखातून महाराष्ट्रभर गाजला. ‘सोंगाड्या’ (१९७१) आणि ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) या चित्रपटांचे लेखनही सबनीसांचे. विश्वनाथ आणि रघुनाथ ही देवांची भारदस्त नावे बाजूस ठेवून एका कवीने आणि एका वगकाराने ऋतूचे नाव पत्करले, हे त्या पिढीच्या आवडीचे सर्वांत बोलके उदाहरण. दोघेही एकाच वर्षी, सप्टेंबर-ऑक्टोबर २००२ मध्ये, महिन्याभराच्या अंतराने गेले.

या यादीतील सर्वांत अनपेक्षित वसंत मात्र डॉ. वसंत अवसरे. मराठी चित्रपटगीतांच्या सूचीत हे नाव काही गीतांपुढे आढळते आणि गीते इतकी चांगली की, या डॉक्टरांचा कवितासंग्रह का मिळत नाही असा प्रश्न पडावा. तो मिळत नाही, कारण डॉ. वसंत अवसरे हे शांता शेळके (१९२२-२००२) यांनी गीतलेखनासाठी घेतलेले टोपणनाव. ‘अवघाची संसार’ (१९६०) या चित्रपटातील आशा भोसले व सुधीर फडके यांनी गायिलेले गाजलेले द्वंद्वगीत याच नावावर नोंदलेले आहे, आणि त्या गीताचे संगीतकार आहेत वसंत पवार.